आठल्ये, त्यांना सांगा

"आठल्ये, त्यांना सांगा, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात माझं प्रयोगाचं सीरम आहे. तिथे जेवणाचा डबा ठेवू नका म्हणावं."

'ते' म्हणजे डॉ. अच्युत पानवलकर. रेडकरबाईंपासून दीड हातावर उभे होते. फ्रिजचं दार त्यांच्याच हातात होतं.

"त्यांना सांगा," पानवलकर माझ्याकडे बघत म्हणाले, "डब्यात घावणे आहेत. घावण्यांनी सीरम बाटत नाही."

"सीरम बाटत नाही, घावणे बाटतात. उद्या ढाळ-वांत्यांचा वाखा झाला तर इथे कुणी पाणी द्यायला येणार नाही, हेही सांगा."

मी दोन्ही निरोप पोचवले. संस्थेत नवीन होतो तेव्हा मला वाटायचं, यांना एकमेकांचं ऐकू येतंय, तर मी मधे कशाला बोलू? एकदा मुद्दाम गप्प राहून पाहिलं. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. निरोप पोचेपर्यंत कुणी हललं नाही. तेव्हापासून मी शब्दन्‌शब्द सांगू लागलो. पगार गुणवत्ता अधिकाऱ्याचा, काम दुभाष्याचं, आणि भाषा दोन्हीकडची मराठीच.

गुणवत्ता अधिकारी म्हणून मी त्या फ्रिजवर एक कागद चिकटवला: खाद्यपदार्थ आणि प्रयोगाचं साहित्य एकत्र ठेवू नये. त्या दिवशी दोघांचं प्रथमच एका गोष्टीवर एकमत झालं. आठल्ये आगाऊ आहे.

आमची संस्था कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीच्या टोकाला होती. एका खिडकीतून कारखान्यांची धुराडी दिसत, दुसरीतून हापूसची कलमं. एखादं नवीन औषध, रंग, फवारा बाजारात जाण्याआधी आमच्याकडे येई. ते पोटात गेलं तर जिवाच्या जनुकांची मोडतोड होते का, हा प्रश्न आम्ही उंदरांना विचारत असू. उंदीर खोटं बोलत नाहीत. ही सोय आमच्या बाकीच्या कर्मचारीवर्गात नव्हती.

आता वैराचं मूळ सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. उंदरांचा विभाग आधी पानवलकरांचा होता. उंदराला औषध द्यायचं, मग मांडीच्या हाडातला मगज काढायचा, त्याचा थेंब काचेच्या स्लाइडवर दुसऱ्या काचेच्या कडेने ओढून पातळ पसरायचा, रंगवायचा. हे पसरण्याचं काम पानवलकर असं करत की बघत राहावं. डावरे होते. डाव्या हाताची एकच हालचाल, आणि काचेवर सायीसारखा थर. मग संचालकपदावर डॉ. घाटगे आले. त्यांनी मुंबईहून रेडकरबाईंना आणलं, उंदीर बाईंना दिले आणि पानवलकरांना सूक्ष्मदर्शकावर, म्हणजे आमच्या भाषेत दुर्बिणीवर, बसवलं. म्हणजे स्लाइड बाईंनी करायची आणि मोजायची पानवलकरांनी. करणाऱ्याने मोजायचं नाही हा नियम उत्तमच. फक्त साहेबांनी तो अशा दोन माणसांवर लावला की एकाचं तोंड कायम दुसऱ्याच्या कामात.

मोजायचं काय, तेही सांगून टाकतो. रक्तातली तांबडी पेशी तयार होताना आपलं केंद्रक बाहेर टाकून देते. पण आतला जनुकांचा धागा कुठे तुटला असेल, तर तो तुकडा आतच राहतो आणि दुर्बिणीखाली जांभळा ठिपका दिसतो. धडधाकट उंदरात हजार पेशींत दोनचार ठिपके. जनुकं मोडणारं विष दिलेल्या उंदरात ठिपकेच ठिपके. बस, एवढंच शास्त्र. बाकी सगळं टिपण आणि भांडण.

पानवलकरांचं म्हणणं, बाईंना थर पसरता येत नाही. "अंगण सारवलंय," ते म्हणत. "मधे ढेकळं, कडेला शेण. यात पेशी मोजायच्या की गोवऱ्या थापायच्या?" हे त्यांनी संचालकांना लेखीही दिलं, एकदा नव्हे, अनेकदा. शेवटी त्यांच्या आग्रहावरून खास आदेश निघाला: रेडकरबाईंनी प्रत्येक स्लाइड जोडीने करावी. एक मोजायला, दुसरी राखीव. आणि राखीव स्लाइडच्या कपाटाची किल्ली पानवलकरांकडे राहील, कारण बाई मागाहून अदलाबदल करणार नाहीत याची खात्री काय?

"चोर समजतात का मला?" बाई माझ्या टेबलावर तो आदेश आपटून म्हणाल्या. "आठल्ये, त्यांना सांगा, मला चोरी करायचीच असती तर यांच्या अकलेची केली असती का?"

सांगितलं.

"त्यांना सांगा," पानवलकर म्हणाले, "नेण्यासारखं काही ओळखता आलं असतं तर हात घातलाच असता."

हेही सांगितलं. आदेशावर घाटगेसाहेबांची सही होती. साहेब कागद वाचून सही करणाऱ्यांपैकी नव्हते. सही ही त्यांच्या दृष्टीने हाताची गोष्ट होती, डोळ्यांची नव्हे.

तर अशा वातावरणात के-४१ आलं.

के-४१ हा आंब्याच्या मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी केलेला नवा फवारा. बनवणारी कंपनी मोठी होती. संस्थेची नवी इमारत त्यांच्या देणगीतून उभी राहायची होती, कोनशिलेचा दगड आवारात येऊन पडला होता. दगडावर घाटगेसाहेबांचं नाव कोरूनही झालं होतं. फक्त तारखेची जागा मोकळी होती. मोहोर यायच्या आत आमचा अहवाल हवा होता.

रेडकरबाईंनी मोठ्या प्रयोगाआधी दोनचार उंदरांवर लहानशी चाचणी केली आणि मला बरोबर घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

"सर, वरच्या मात्रेला ठिपके दिसतायत."

"कसले ठिपके?"

"जनुकं मोडल्याचे."

"ही पूर्वचाचणी आहे. पूर्वचाचणी अहवालात जात नाही. बरोबर ना, आठल्ये?"

"जात नाही," मी म्हणालो. नियम तसाच होता.

"मग संपलं." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुम्ही मुंबईहून आलात तेव्हा तुमच्या हाताला कीर्ती होती. इथे गेली काही वर्षं पानवलकर मला काय लिहून देतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच. मी आजवर ते बाजूला ठेवलं. हा अभ्यास बिघडला, तर मला ते वाचावं लागेल."

"बिघडला म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या हातून काही चुकलं तर. मग उंदीर परत पानवलकरांकडे, तुम्ही घरी, आणि शेरा जाईल तो सगळीकडे जाईल. या धंद्यात प्रयोगशाळा किती आणि कुणाला कुणाची खबर नसते, सांगा."

बाई दाराकडे वळल्या. बाहेर आल्यावर जिन्यात थांबल्या. "मुलगी बारावीला आहे माझी," एवढंच म्हणाल्या, आणि पुढे लगेच, "त्या माणसाला यातलं एक अक्षर कळता कामा नये. आनंदाने मरेल."

हा एकच निरोप मी पोचवला नाही.

प्रयोग रीतसर झाला. पाच गट. एकाला नुसतं तेल, तीन गटांना के-४१ च्या चढत्या मात्रा, आणि पाचव्या गटाला कर्करोगावरचं एक इंजेक्शन, जे जनुकं मोडतं म्हणजे मोडतंच. हा पाचवा गट मोजणाऱ्याची परीक्षा म्हणून असतो. त्यात ठिपके दिसलेच पाहिजेत. नाही दिसले, तर एक तर मोजणारा झोपलाय किंवा करणारा.

स्लाइडवर आकडे टाकणं माझं काम. बाईंनी पेन्सिलीने लिहिलेला उंदराचा नंबर मी स्पिरिटने पुसायचो आणि डायमंड पेन्सिलीने काचेवर भलताच नंबर कोरायचो. कुठला नंबर कुठल्या उंदराचा हे फक्त माझ्याजवळ, लाखेने बंद केलेल्या पाकिटात. त्यामुळे पानवलकरांना आपण विष मोजतोय की तेल, हे कळायला मार्ग नसे. कुणालाच नसे.

स्लाइड पेटीत बंद करून मी खाली येतो, तर घाटगेसाहेब माझ्या खुर्चीत बसलेले. माणूस आपली केबिन सोडून दुसऱ्याच्या खुर्चीत बसतो तेव्हा त्याला चहा हवा असतो किंवा बेकायदेशीर काहीतरी. चहा त्यांनी आधीच मागवला होता.

"आठल्ये, ते पाकीट जरा बघू."

"बघा की, साहेब." मी कपाट उघडून पाकीट दुरून दाखवलं.

"आतलं बघू."

"ते उघडायचं तर दोघांच्या सह्या लागतात. करणाऱ्याची आणि मोजणाऱ्याची. एकाच कागदावर."

"मग घ्या सह्या."

मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. रेडकर आणि पानवलकर यांच्या सह्या, एकाच कागदावर, विनंती म्हणून. साहेबांनी चहाचा कप अर्धा तसाच ठेवला आणि उठले.

"तुम्ही फार नियमाने चालता, आठल्ये."

"दुसरं काही येत नाही, साहेब."

"शिकायचं वय गेलेलं नाही तुमचं," ते म्हणाले. त्या वाक्यात माझ्या बढतीबद्दल सगळं आलं होतं.

पुढचा आठवडाभर पानवलकर मोजत होते. मी रोज एकदा डोकावायचो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते दुर्बिणीवरून मान वर करून हसले. पानवलकर हसले, हे टिपून ठेवण्यासारखं होतं.

"आठल्ये, त्यांना सांगा, हात बसला."

"म्हणजे?"

"या बघा. या!" त्यांनी मला दुर्बिणीशी ओढलं. मला गुलाबी चांदण्यांखेरीज काही दिसलं नाही. "एक ढेकूळ नाही. एकावर एक पेशी नाही. इतकी वर्षं मी कानीकपाळी ओरडलो, त्याचं फळ. ही माझी पद्धत आहे, माझी! चोरून शिकली असणार. असू दे. शिकली तर शिकली."

"हे सगळं सांगू?"

"अर्धं सांगा. चोरून शिकली, एवढंच."

मी सांगितलं. बाई हात धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला. "काय बोलतोय हा माणूस? मी नेहमीसारख्याच केल्यात. किंबहुना या खेपेला जरा घाईत." मग म्हणाल्या, "त्यांना सांगा, चष्मा बदला."

ते सांगायला गेलो तेव्हा पानवलकर साहेबांच्या केबिनमध्ये होते. दार लोटलेलं होतं, पण साहेबांचा आवाज लोटलेल्या दारापुरता कधीच नव्हता. "...उंदीर परत तुमचेच, पानवलकर. नवी इमारत, नवी प्रयोगशाळा, उपसंचालक म्हणून पाटी. तुम्ही फक्त मोजा आणि विचारलं तेवढंच बोला."

पानवलकर काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. बाहेर आले ते शीळ वाजवत.

पाकीट फोडायच्या दिवशी पुण्याहून सरकारी तपासनीस आले, डॉ. केळुसकर. वाळकुडे, सुती सफारीतले गृहस्थ. साहेबांनी मागवलेले काजू त्यांनी एकदाही तोंडात टाकले नाहीत, तेव्हाच मला त्यांच्याविषयी शंका आली. लांब टेबलाच्या एका टोकाला रेडकरबाई, दुसऱ्या टोकाला पानवलकर, मधे साहेब आणि केळुसकर. मी उभा. सह्यांचा कागद मी आधी बाईंकडे नेला, त्यांनी अगदी डावीकडच्या कोपऱ्यात सही केली. पानवलकरांनी अगदी उजवीकडच्या. मधे एवढी जागा राहिली की तिथे बालवाडी भरवता आली असती.

मी लाख फोडली आणि वाचायला लागलो. नुसतं तेल दिलेले उंदीर: स्वच्छ. के-४१, खालची मात्रा: स्वच्छ. मधली मात्रा: स्वच्छ.

रेडकरबाईंची मान वर झाली.

के-४१, वरची मात्रा: स्वच्छ.

"अभिनंदन," घाटगेसाहेब म्हणाले. कुणाचं ते सांगितलं नाही. "केळुसकरसाहेब, काजू घ्या ना."

"अजून एक गट आहे," केळुसकर म्हणाले.

पाचव्या गटाचे आकडे मी वाचले. मग पुन्हा वाचले. डोळ्यांवर विश्वास नव्हता अशातला भाग नाही. पुन्हा वाचलं तर बदलतील, अशी एक वेडी आशा. हमखास जनुकं मोडणारं इंजेक्शन दिलेले उंदीर: स्वच्छ. तेल प्यायलेल्या उंदरांइतके स्वच्छ.



साहेबांचा चेहरा मी पाहत होतो. आधी तो पांढरा पडला, आणि मग, मानलं पाहिजे, त्यांनी तो दोन श्वासांत पूर्वपदावर आणला.

"उघड आहे," ते म्हणाले. "बाई या गटाला इंजेक्शन द्यायला विसरल्या. फार वाईट वाटतं मला. पण यात के-४१ चा दोष नाही. या एका गटाला आपण मागच्या अभ्यासातले आकडे लावू आणि तसा शेरा मारू. कारण: कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा."

"मी इंजेक्शन दिलं," रेडकरबाई म्हणाल्या.

"कुणी पाहिलं?" केळुसकरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. ते फक्त रकाना भरत होते.

"उंदरांनी."

"ते आता नाहीत."

"नाहीत. मीच मारले."

"बाई, थट्टेची वेळ नाही," साहेब म्हणाले. "तुमच्या कामाबद्दल इथे कुणाला नवीन काही सांगायला नको. तक्रारींचा गठ्ठा माझ्या खणात आहे. जाड थर, ढेकळं, हलगर्जी. लिहिणारे इथेच बसलेत. पानवलकर, तुम्हीच सांगा यांना. तुम्ही मला कितीदा लिहून दिलंत?"

 पानवलकर समोरच्या स्लाइडच्या पेटीकडे बघत होते. बाई पानवलकरांकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत विनवणी असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही रेडकरबाईंना पाहिलेलं नाही. ती नजर म्हणत होती, घाल एकदाचा घाव आणि मोकळा हो.

"विचारलं तेवढं सांगा, पानवलकर," साहेब हळूच म्हणाले. "या निष्काळजी आहेत की नाहीत?"

"आहेत," पानवलकर म्हणाले.

केळुसकरांनी लिहायला पेन उघडलं.

"उद्धट आहेत. हेकट आहेत. यांच्या हाताला कला म्हणून नाही. दुसऱ्याचं सीरम वापरून बाटलीवर लिहीत नाहीत. माझे घावणे यांनी दोनदा कचऱ्यात टाकलेत." पानवलकर उभे राहिले. "आठल्ये, दुर्बीण आणा."

"कशाला?" साहेबांनी विचारलं.

"मला तक्रार करायचीय."

मी दुर्बीण आणली. पानवलकरांनी पेटीतून एक स्लाइड काढली, पण दुर्बिणीखाली ठेवली नाही. उजेडाकडे धरली आणि तशीच केळुसकरांच्या नाकासमोर नेली.

"ही बघा. कशी आहे?"

"चांगली आहे."

"उत्तम आहे! आदर्श आहे! म्हणूनच म्हणतो, ही या बाईंनी केलेली नाही. शक्यच नाही. या सात जन्मात अशी स्लाइड करू शकणार नाहीत. मी इतकी वर्षं यांचं शेण बघतोय, मला विचारा. यांची एकेक खोड मला पाठ आहे. थेंब मोठा घेतात, हात मधेच अडखळतो, तिथे एक पट्टा जाड राहतो. प्रत्येक स्लाइडवर. प्रत्येक! या पेटीत तो पट्टा एकाही काचेवर नाही."

"सुधारल्या असतील," साहेब म्हणाले.

"मलाही तेच वाटलं. शिकली, म्हटलं. माझं बघून शिकली." पानवलकरांचा आवाज इथे जरा खाली आला. "मूर्ख मी. आता काच उभी धरल्यावर दिसलं. केळुसकरसाहेब, थर एका टोकाला जाड असतो आणि ओढत नेतो तिकडे निमुळता होतो. नंबराचा भाग तुमच्याकडे धरा. उजव्या हाताने ओढला की शेपूट एकीकडे जातं. डाव्याने ओढला की दुसरीकडे. बाई उजव्या आहेत. या इमारतीत मगज पसरणारा डावरा एकच झाला."

"कोण?"

"मी! या माझ्या स्लाइड आहेत. यांच्या येण्याआधीच्या. तेल दिलेल्या उंदरांच्या. जुन्या सामानाच्या खोलीत माझ्या पेट्याच्या पेट्या पडल्यात. आठवडाभर मी माझ्याच स्लाइड मोजल्या आणि वाहवा केली!"

मला हसू आलं ते मी खोकल्यात घातलं. त्या माणसाला जगात एकाच कारागिराचं काम पसंत होतं, आणि ते समोर आलं तरी त्याने ओळखलं नाही.

"हा सगळा कल्पनाविलास आहे," घाटगेसाहेब म्हणाले. "बाईंच्या खऱ्या स्लाइड कुठायत मग? दाखवा."

खरोखरच, कुठे होत्या? ज्याने या आणून ठेवल्या, त्याने त्या केव्हाच फोडून टाकल्या असणार. बाईंचे खांदे पडले. तेवढ्यात पानवलकरांनी डावा हात खिशात घातला आणि एक पितळी किल्ली टेबलावर टाकली.

"राखीव जोड. तुमच्याच सहीचा आदेश, साहेब. बहुतेक वाचला नसेल."

साहेबांनी किल्लीकडे अशा नजरेने पाहिलं की मला त्यांची दया आली असती, जर मी दुसऱ्या स्वभावाचा असतो.

कपाटातून पेटी आली. केळुसकरांनी पहिली काच उजेडाकडे धरली आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "अरेरे."

"बघितलंत?" पानवलकर विजयाने म्हणाले. "सारवलेलं अंगण! मधला पट्टा बघा. ही! ही रेडकरबाईंची! शेपूट बघा कुठल्या बाजूला. आता कुणी म्हणू द्या मला की मी उगीच तक्रारी करायचो!"

यांच्यावर बाईंच्या हातचे पेन्सिलीचे नंबर होते, लपवाछपवी नव्हती. म्हणून केळुसकरांनी मोजणी पानवलकरांना दिली नाही, स्वतः दुर्बिणीवर बसले. पाचव्या गटाची काच लावली. बराच वेळ काच इकडेतिकडे सरकवली. मग म्हणाले, "इंजेक्शन दिलंय. खच पडलाय ठिपक्यांचा." नंतर के-४१ च्या वरच्या मात्रेची काच लावली. या वेळी आणखी वेळ गेला.

"इथेही आहेत," ते म्हणाले. "थोडे कमी. पण आहेत."

रेडकरबाईंनी डोळे मिटले. बस, तेवढंच.

केळुसकरांनी रुमालाने दुर्बिणीची भिंगं पुसली. "ज्याने पेटी बदलली," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याला फक्त के-४१ च्या बदलायच्या असणार. पाचव्या गटाला का हात लावला?"

"त्याच्याकडे पाकीट नव्हतं, साहेब," मी म्हणालो. "कुठली कोणाची हे कळायला मार्ग नव्हता. माझे नंबर जुन्या काचांवर तसेच कोरून सगळ्याच बदलाव्या लागल्या."

"आणि जुन्या सामानाच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

 आवारातल्या कोनशिलेवर ऊन पडलं होतं, खिडकीतून ती स्पष्ट दिसत होती. अखेर घाटगेसाहेबांनी काजूंची बशी स्वतःकडे ओढली, एक काजू उचलला आणि परत ठेवला.

"माझ्याकडे," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात साहेबांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. प्रकृती ठणठणीत होती. के-४१ त्या साली मोहोरावर पडलं नाही, नंतरही नाही. नवी इमारत झाली नाही. कोनशिलेवर पुढे कँटीनवाल्याने कांदे वाळत घातले. उपसंचालकाची पाटी कुणालाच मिळाली नाही, उंदीर बाईंकडेच राहिले आणि दुर्बीण पानवलकरांकडे. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी केळुसकर घाटगेसाहेबांना घेऊन केबिनमध्ये गेले आणि खोलीत आम्ही तिघं उरलो. पानवलकर आपल्या जुन्या स्लाइड एकेक करून उजेडात बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी होईल. मधे बरीच वर्षं होती. एक आभार, एक शब्द.

"आठल्ये," रेडकरबाई म्हणाल्या. "त्यांना सांगा, चारचौघांत, सरकारी माणसासमोर, माझ्या कामाला शेण म्हणालेत. मी लेखी तक्रार करणार आहे."

मी सांगितलं.

"त्यांना सांगा, जरूर करा. जोडीने करा. एक राखीव ठेवा."

मी हेही सांगितलं. बाईंनी पर्स उचलली. दाराशी गेल्या. टेबलावर पितळी किल्ली अजून तशीच पडली होती, बाईंच्या येण्याजाण्याच्या वाटेत. आता तो आदेश रद्द व्हायला कुणाची हरकत नव्हती. कपाट बाईंचं, स्लाइड बाईंच्या. पानवलकरांनी डाव्या हाताच्या बोटाने किल्ली थोडी त्यांच्या बाजूला सरकवली. मान वर न करता.

बाई परत आल्या. किल्लीकडे बघितलं. उचलली नाही.

"आठल्ये, त्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "किल्ली त्यांच्याकडेच असू दे."

पानवलकर त्यांच्यापासून एका हाताच्या अंतरावर उभे होते. तरी मी रिवाजाप्रमाणे वळलो आणि तोंड उघडलं.

"ऐकलं," पानवलकर म्हणाले.